धरून ठेवलेली मेमरी: सर्व्हरच्या प्लगइनमधली गळती आणि तिचा शोध

४ नोव्हेंबर १९९२. रात्री दोनच्या सुमारास लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षातले संगणक मंदावले आणि थोड्याच वेळात पार अडकून बसले. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या याच प्रणालीने आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला, शहरभर गोंधळ माजवला होता. त्या गोंधळाची कारणे बरीच होती आणि एकमेकांत गुंतलेली होती. या दुसऱ्या खेपेचे कारण मात्र चौकशीत अगदी छोटे निघाले. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरने केलेल्या कामात कोडचा एक तुकडा चुकून मागे राहिला होता. रुग्णवाहिका पाठवल्याची नोंद झाली, की हा तुकडा फाइल सर्व्हरमधली थोडीशी मेमरी घ्यायचा आणि ती परत करायचा नाही. तीन आठवड्यांत सगळी मेमरी संपली. अशा वेळी दुसऱ्या सर्व्हरने काम उचलायचे होते, तेही झाले नाही. कर्मचाऱ्यांनी कागद आणि पेन हाती घेतले.

मेमरी लीकचा विषय निघाला की मला हीच रात्र आधी आठवते. या दोषाचा सगळा स्वभाव तिच्यात दिसतो. एका वेळची गळती क्षुल्लक असते, अर्ध्या तासाच्या चाचणीत ती नजरेला येत नाही, आणि सर्व्हरवर काम जितके जास्त तितकी ती लवकर गळ्याशी येते. लंडनमध्ये निदान कोड कोणाचा हे शोधणे सोपे होते. आज सर्व्हरचे मूळ सॉफ्टवेअर एकाचे असते, त्यावर चढवलेली प्लगइन दहा-वीस वेगवेगळ्या लोकांची असतात, आणि मेमरी मात्र सगळ्यांना मिळून एकच. गळती कोणाची, ती शोधायची कोणी आणि सापडलीच नाही तर सर्व्हर चालवायचा कसा, या प्रश्नांवर गेल्या तीसेक वर्षांत बरेच काम झाले आहे. ते कुठवर आले आहे, ते इथे क्रमाने पाहू.

गळती कशाला म्हणायचे

सी भाषेत उत्तर सरळ आहे. प्रोग्राम ‘मॅलॉक’ने मेमरी मागतो आणि काम झाले की ‘फ्री’ने परत देतो. द्यायला विसरला आणि त्या जागेचा पत्ताही हरवून बसला, तर ती जागा प्रोसेस संपेपर्यंत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प भाषेवरच्या निबंधात यावर उपाय मांडला, त्यालाच आपण आज गार्बेज कलेक्शन म्हणतो. चालू प्रोग्राम जिथून जिथून पोहोचू शकतो त्या जागा राखायच्या, बाकीच्या मोकळ्या करायच्या. जावा, डॉटनेट, जावास्क्रिप्ट, पायथन या सगळ्या भाषा या ना त्या रूपात मेमरीची आवराआवर प्रोग्रामरच्या हातून काढून घेतात. त्यामुळे पत्ता हरवलेल्या मेमरीचा प्रश्न बव्हंशी मिटला. पण कलेक्टर ‘इथे कोणाला पोहोचता येते का’ एवढेच पाहतो. ‘इथे पुन्हा कोणी येणार आहे का’ हे त्याला कळत नाही, आणि सर्वसाधारणपणे ते कोणत्याच प्रोग्रामला कळू शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलेल्या मर्यादेशी तो प्रश्न जाऊन भिडतो. म्हणून अशा भाषांमध्ये गळतीचा अर्थ बदलतो: गरज संपली, पण कोणीतरी धरून ठेवले आहे.

रस्ट ही भाषा मेमरीच्या बाबतीत भलतीच काटेकोर. तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, त्याच्या थोडे आधी तिच्या निर्मात्यांमध्ये याच मुद्द्यावर मोठा खल झाला. मेमरी गळू न देण्याची हमी भाषेने द्यावी का? उत्तर ‘नाही’ असे ठरले. चुकीच्या जागी वाचू-लिहू देणार नाही एवढी हमी भाषा देते. गळती मात्र सुरक्षित कोडमध्येही होऊ शकते. इतक्या कडक कंपायलरलाही जी हमी पेलली नाही, ती प्लगइनच्या लेखकाकडून गृहीत धरताना हे लक्षात ठेवलेले बरे.

भाडेकरू गेला, किल्ली राहिली

प्लगइनची गळती साध्या गळतीपेक्षा वेगळी का, हे टॉमकॅटच्या उदाहरणातून चांगले समजते. टॉमकॅट हा जावातला वेब सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्सने तो १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवला. एका टॉमकॅटवर अनेक ॲप्लिकेशन राहतात, आणि सर्व्हर चालू ठेवून त्यांतले एखादे उतरवून नवे चढवता येते. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा क्लासलोडर, म्हणजे कोडचे क्लास मेमरीत आणणारा घटक, मिळतो. जेनकिन्सची प्लगइन, माइनक्राफ्ट सर्व्हरची प्लगइन यांची रचनाही अशीच आहे.

आता साखळी पाहा. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला आपला क्लास माहीत असतो. क्लासला आपला क्लासलोडर माहीत असतो. क्लासलोडरला आपण आणलेले सगळे क्लास माहीत असतात, आणि प्रत्येक क्लासच्या पोटात त्याची स्टॅटिक माहिती असते. म्हणजे प्लगइनच्या स्वतःच्या क्लासचा एक चिमुकला ऑब्जेक्ट जरी मूळ सर्व्हरच्या हातात राहिला, तरी त्याच्या मागे अख्खे प्लगइन लटकलेले असते. प्लगइन उतरवले, नवी प्रत चढवली, जुनी तशीच. पुन्हा उतरवले, आणखी एक जुनी. भाडेकरूने खोली सोडली, पण चौकीदाराच्या खिशात एक किल्ली राहिली, म्हणून मालकाला खोली रिकामी धरता येत नाही, असा हा प्रकार.

किल्ल्या राहण्याच्या जागा आता बऱ्यापैकी ठाऊक झाल्या आहेत. डेटाबेसचा ड्रायव्हर जावाच्या सामायिक यादीत आपले नाव घालतो आणि जाताना काढत नाही. प्लगइन एखादा थ्रेड किंवा टायमर सुरू करते आणि तो तसाच चालत राहतो. सगळ्यांत चिवट म्हणजे थ्रेडलोकल: थ्रेड सर्व्हरच्या मालकीचे, पुन्हा पुन्हा वापरले जाणारे, आणि प्लगइनने त्यांच्या खिशात आपली वस्तू ठेवलेली.

जावा ८ च्या आधी क्लासची माहिती पर्मजेन नावाच्या ठरावीक आकाराच्या भागात राहायची. तो भाग लहान असल्याने चार-सहा वेळा ॲप्लिकेशन बदलले की ‘पर्मजेन स्पेस’ची चूक दाखवत सर्व्हर आडवा व्हायचा. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणले. त्यावर मुद्दाम मर्यादा घातली नाही, तर ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून लागेल तशी मेमरी घेत राहते. चुकीचा तो संदेश दिसेनासा झाला. गळती राहिली, आणि आता ती उशिरा आणि साऱ्या मशीनला जाणवते.

माइनक्राफ्टचे उदाहरण इथे मुद्दाम घेतो, कारण तिथे प्लगइन लिहिणाऱ्यांत शिकण्याच्या वयातली मुलेमुलीही आहेत आणि त्यांच्याकडून होणारी चूक अगदी निर्मळ असते. बुकिट हा सर्व्हर-प्रकल्प २०१० च्या अखेरीस सुरू झाला. स्पिगॉट आणि पेपर त्याच वंशातले. समजा एखाद्या प्लगइनला ‘या खेळाडूने शेवटचा वार कधी केला’ हे लक्षात ठेवायचे आहे. सुचणारा पहिला मार्ग म्हणजे हॅशमॅप: किल्लीच्या जागी खेळाडूचा ऑब्जेक्ट, समोर वेळ. खेळाडू बाहेर पडतो, नोंद राहते. त्या ऑब्जेक्टकडून तो ज्या जगात होता त्या जगाकडे वाट जाते, आणि जगाकडून त्यातल्या लोड झालेल्या भूभागांकडे. तोच खेळाडू परत आला की सर्व्हर नवा ऑब्जेक्ट बनवतो. जुनी नोंद जुन्या ऑब्जेक्टला धरून बसते. उपाय दोन ओळींचा आहे. किल्ली म्हणून खेळाडूचा सोळा बाइटांचा ओळखक्रमांक वापरायचा, आणि खेळाडू बाहेर पडल्याची सूचना आली की नोंद पुसायची.

इथे लक्षणही आधी वेगळ्याच रूपात दिसते. हा सर्व्हर सेकंदाला २० ठोके टाकतो, एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. मेमरी भरत आली की कलेक्टरला वरचेवर धावावे लागते, ठोका लांबतो आणि खेळणाऱ्यांना ‘लॅग’ जाणवतो. मेमरी संपल्याचा संदेश येण्याच्या कितीतरी आधी लोक इंटरनेटला दोष देऊन मोकळे झालेले असतात. चालू सर्व्हरवर ‘रीलोड’ची आज्ञा देऊन प्लगइन ताजे करण्याची सवयही याच दुखण्याला खतपाणी घालते, पेपर तर ही आज्ञा पाळण्याआधी खात्री करून घेतो.

शोधाची हत्यारे

सी आणि सी++ साठी पहिले गाजलेले हत्यार प्युरिफाय. पुढे नेटफ्लिक्स काढणारे रीड हेस्टिंग्ज यांनी बॉब जॉइस यांच्याबरोबर १९९२ मध्ये त्यावर निबंध वाचला. तयार प्रोग्राममध्येच तपासणीच्या सूचना पेरायच्या, ही त्यातली कल्पना. २००२ मध्ये ज्युलियन सिवर्ड यांचे व्हॅलग्राइंड आले, खुले आणि फुकट. ते प्रोग्रामला जणू कृत्रिम प्रोसेसरवर चालवते आणि शेवटी कोणती मेमरी कोणत्या ओळीने मागितली होती याचा हिशोब देते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. प्रोग्राम वीस-तीस पट मंदावतो. २०१२ मध्ये गूगलच्या मंडळींनी मांडलेल्या ॲड्रेससॅनिटायझरने हा दंड दुपटीच्या आसपास आणला आणि गळती शोधणारा भागही त्याला जोडला गेला.

प्लगइनच्या बाबतीत व्हॅलग्राइंडला एक खास अडचण यायची. प्लगइन म्हणजे चालू असताना जोडलेली आणि नंतर काढून टाकलेली लायब्ररी. हिशोब मांडायची वेळ येते तेव्हा ती मेमरीत नसते. मग अहवालात ज्या ओळीचे नाव हवे, नेमके तिथेच तीन प्रश्नचिन्हे. काढलेल्या लायब्ररीची नावे जपून ठेवायचा पर्याय पुढे व्हॅलग्राइंडमध्ये आला. तोवर लोक तपासापुरती लायब्ररी काढण्याची ओळच बंद करून ठेवत.

जावात मुख्य साधन हीप डंप, म्हणजे त्या क्षणी मेमरीत असलेल्या सगळ्या ऑब्जेक्टचा आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा उतारा. तो वाचायला सॅप कंपनीत तयार झालेले आणि २००८ मध्ये एक्लिप्सला दिलेले मेमरी ॲनालायझर अजूनही पहिल्या पसंतीचे आहे. त्याचा कणा एका जुन्या गणिती कल्पनेवर उभा आहे: ज्या ऑब्जेक्टला छाटले तर ज्यांच्याकडे जायची एकही वाट उरत नाही, ते सगळे त्याच्या अंमलाखाली. हे झटपट काढण्याची लेंगाउअर आणि टार्जन यांची पद्धत १९७९ ची. यामुळे ‘हा ऑब्जेक्ट केवढा’ याऐवजी ‘याच्यामुळे किती अडकून पडले आहे’ हे कळते, आणि शोधाला दिशा मिळते.

माझ्या हाताखालून गेलेले एक प्रकरण सांगतो. पुण्यातल्या एका कार्यालयात जावाच्या सर्व्हरवर अहवाल छापणारे, बाहेरून घेतलेले प्लगइन होते. त्यात वरचेवर सुधारणा यायच्या आणि सर्व्हर न थांबवता त्या चढवल्या जायच्या. दर वेळी मेमरीचा आलेख एक पायरी वर जायचा आणि खाली यायचा नाही. डंप घेताना सर्व्हर गोठतो, म्हणून परवानगी काढून रात्री घेतला. ॲनालायझरमध्ये क्लासलोडरांची यादी उघडली तर त्याच प्लगइनचे नाव सहा वेळा. जिवंत असायला हवे होते एक. एका जुन्या नावावर क्लिक करून त्याला मुळापासून कोण धरून आहे ते विचारले, दुबळे संदर्भ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारे दुवे) वगळून. सहा ओळींचे उत्तर आले: सर्व्हरचा एक थ्रेड, त्याची थ्रेडलोकल यादी, यादीतली नोंद, नोंदीतली वस्तू, वस्तूचा क्लास, क्लासचा लोडर. वस्तू होती तारीख छापणारा फॉरमॅटर. महिन्यांची नावे मराठीत यावीत म्हणून प्लगइनने जावाच्या फॉरमॅटरचा आपला उपवर्ग केला होता, आणि तो एका वेळी दोन थ्रेडांनी वापरणे धोक्याचे म्हणून प्रत्येक थ्रेडला आपापली प्रत दिली होती. शाळेत शिकवावे तसे नीटनेटके कोड. फक्त जाताना ती प्रत परत घेतलेली नव्हती. जावाचाच मूळ फॉरमॅटर ठेवला असता, तर तो सर्व्हरच्या बाजूचा क्लास असल्याने साखळी तिथेच तुटली असती.

इतकी सरळ वाट नेहमी सापडत नाही. म्हणून संशोधकांनी डंप न घेता, चालत्या सर्व्हरवर गळती ओळखण्याच्या खटपटी केल्या. त्यांचे दोन पंथ आहेत. एक वाढ पाहतो: कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट कलेक्टरच्या दर फेरीला वाढतच जातात? आयबीएमचे लीकबॉट (२००३) आणि मारिया जंप व कॅथरिन मॅकिन्ली यांचे कॉर्क (२००७) या वाटेचे. दुसरा शिळेपणा पाहतो: कोणत्या ऑब्जेक्टला कितीतरी वेळात कोणी शिवलेले नाही? हाउसवर्थ आणि चिलिंबी यांचे २००४ चे काम आणि मायकेल बॉन्ड व मॅकिन्ली यांचे २००६ चे काम या बाजूचे. दोन्ही पंथ फसतात. नुकताच सुरू झालेला कॅशे वाढतोच, पण ती गळती नसते. वर्षअखेरीच्या ताळेबंदाचा तक्ता अकरा महिने शिळा असतो, पण तो लागतो. आज हाताशी असलेले व्यवहार्य साधन म्हणजे जावाचा फ्लाइट रेकॉर्डर, जो २०१८ मध्ये जावा ११ बरोबर सर्वांना खुला झाला. तो थोड्याच ऑब्जेक्टचा नमुना घेतो, दीर्घकाळ टिकलेले लक्षात ठेवतो आणि ते कुठे जन्मले ते सांगतो.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रोसेसची मेमरी वाढते आणि जावाचा हीप स्थिर असतो, असे अनेकदा दिसते. तेव्हा दोष बहुधा हीपबाहेर असतो: प्लगइनने थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेले बफर, किंवा लिनक्सच्या मेमरी वाटपाने अनेक थ्रेडांसाठी वेगवेगळी कोठारे उघडल्याने झालेला विस्कळीतपणा. हीप डंपमध्ये यातले काही दिसत नाही, आणि दिवसच्या दिवस चुकीच्या जागी खणण्यात जातात.

कोणी निस्तरायचे

यावर तीन भूमिका मांडल्या जातात, आणि तिन्हींमागे अनुभव आहे.

पहिली म्हणते, प्लगइनच्या लेखकाने. कोणती वस्तू कधीपर्यंत हवी हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. सुरू होताना जे जे जोडले ते ते थांबताना सोडवायचे, हा नियम साधा आहे. अडचण अशी, की प्लगइनचा लेखक ज्या लायब्ररीवर उभा असतो ती त्याने लिहिलेली नसते, आणि लेखकाने सोडून दिलेली कितीतरी प्लगइन वर्षानुवर्षे चालू असतात. दुबळे संदर्भ वापरा, हा सल्लाही अर्धाच कामी येतो: दुबळ्या किल्लीसमोरची वस्तूच त्या किल्लीकडे बोट दाखवत असेल, तर नोंद कधीच सुटत नाही. पुण्याच्या त्या फॉरमॅटरचे नेमके तसेच झाले होते.

दुसरी भूमिका यजमान सर्व्हरवर भार टाकते. टॉमकॅटने जानेवारी २०१० च्या ६.०.२४ या आवृत्तीपासून हा मार्ग गंभीरपणे धरला. ॲप्लिकेशन उतरवताना तो मागे राहिलेले ड्रायव्हर, थ्रेड, थ्रेडलोकल शोधतो, जमेल ते साफ करतो आणि उरलेल्याची लॉगमध्ये नावानिशी तक्रार करतो. पुढच्या आवृत्तीत थ्रेडच हळूहळू बदलून टाकण्याची सोय आली. खिसाच फेकला की किल्ली जाते. पण यजमानाचे हातही बांधलेले आहेत. मागे राहिलेला थ्रेड जबरदस्तीने थांबवण्याचा पर्याय टॉमकॅटने मुळात बंदच ठेवला, कारण अर्ध्यावर मारलेला थ्रेड माहिती विस्कटून ठेवू शकतो. जावा २० पासून तर तसे थांबवण्याची आज्ञाच चालत नाही. दुसऱ्याच्या थ्रेडलोकलमध्ये डोकावण्यासाठी जावाच्या आतल्या भागात हात घालावा लागतो, आणि २०१७ मध्ये जावा ९ ने आणलेल्या मॉड्यूल-भिंतींमुळे त्यासाठी खास परवानगी द्यावी लागते.

या भूमिकेचा सर्वांत धाडसी प्रयोग सर्व्हरवर नाही, ब्राउझरमध्ये झाला. फायरफॉक्सची ॲड-ऑन बंद केलेल्या पानांना धरून ठेवत. मोझिलाने २०११ मध्ये मेमरी कमी करण्याची मोहीम काढली. तिची धुरा निकोलस नेदरकोट यांच्याकडे होती. व्हॅलग्राइंडच्या प्रमुख रचनाकारांपैकीही ते एक. ऑगस्ट २०१२ च्या फायरफॉक्स १५ मध्ये कायल ह्यूई यांच्या बदलाने पान बंद होताच ॲड-ऑनकडून त्याच्याकडे जाणारे दुवे ब्राउझरनेच तोडायला सुरुवात केली. ॲड-ऑनने त्यानंतर हात लावला, तर ‘हा ऑब्जेक्ट मृत आहे’ अशी चूक यायची. बहुतेक ॲड-ऑनची गळती लेखकांनी एक ओळही न बदलता थांबली, आणि जी ॲड-ऑन खरोखर मेलेल्या पानाशी बोलत होती ती उघडी पडली. यजमानाला सीमारेषा नेमकी माहीत असेल तर तो किती करू शकतो, हे त्यातून दिसले. मायक्रोसॉफ्टची वाट उलट दिशेला गेली: जुन्या डॉटनेटमध्ये ॲपडोमेन बळाने उतरवता यायचे, नव्या डॉटनेटने ते सोडले आणि २०१९ च्या ३.० आवृत्तीत दिलेली उतरवण्याची सोय सहकारावर चालते. कोणी एक संदर्भ धरून ठेवला, तर उतरवणे पूर्णच होत नाही.

तिसरी भूमिका सांगते, शोधत बसू नका, वेळच्या वेळी नवे करा. ही पळवाट वाटते, पण तिला शास्त्र आहे. बेल लॅब्जमधल्या हुआंग, किंताला आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सॉफ्टवेअरचे पुनर्यौवन’ ही कल्पना मांडली. किती काळाने रीस्टार्ट केले तर तोटा सर्वांत कमी, याचे गणित बसवण्यात ड्यूक विद्यापीठाचे किशोर त्रिवेदी यांचा मोठा वाटा आहे. ते पवईच्या आयआयटीतून १९६८ साली पदवी घेऊन गेलेले. व्यवहारात ही भूमिका सर्वत्र आहे. अपाची वेब सर्व्हरमध्ये ठरावीक जोडण्यांनंतर प्रोसेस बदलण्याची सोय आहे आणि तिच्या माहितीपत्रकात चुकून होणाऱ्या गळतीचा स्पष्ट उल्लेख आहे. पीएचपीच्या एफपीएममध्येही तसेच. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस मुळातच दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, प्रोसेस बदलतो, त्यामुळे बदल रोज एकाच वेळी येत नाही. कँडिया आणि फॉक्स यांनी २००४ मध्ये एक पाऊल पुढे टाकून सर्व्हरचा फक्त बिघडलेला घटक रीस्टार्ट करून दाखवला. कुबरनेटीससारख्या व्यवस्थेत मर्यादा ओलांडणारा कंटेनर मारला जातो, १३७ हा आकडा मागे ठेवतो आणि पुन्हा उभा राहतो. माझा आक्षेप तिथेच आहे. तो आकडा रोज दिसू लागला की डोळ्यांना सवय होते आणि गळती हळूहळू खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते.

या तिघांच्या वादात एक जुना, शांत मार्ग मागे पडतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: मेमरीचे आयुष्य आधीच ठरवून देणे. अपाचीच्या मॉड्यूलला मेमरी विनंतीच्या पूलमधून मिळते. विनंती संपली की पूल रिकामा. पोस्टग्रेसने २००१ च्या ७.१ आवृत्तीपासून क्वेरीच्या कामातली मेमरी अशाच, नावे दिलेल्या कोठारांत ठेवली, आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून कोणत्या कोठारात किती आहे ते चालू असताना वाचता येते. एक्स्टेन्शन लिहिणारा विसरला तरी बहुतेक वेळा क्वेरीबरोबर सारे धुऊन निघते. सत्रभर टिकणाऱ्या कोठारात घातलेली वस्तू मात्र इथेही गळते.

अजून अडलेले

हिशोबाचा प्रश्न सुटलेला नाही. एकाच हीपमध्ये दोन प्लगइन एक वस्तू वापरत असतील, तर ती कोणाच्या नावे लावायची? जन्म देणाऱ्याच्या की धरून ठेवणाऱ्याच्या? फ्लाइट रेकॉर्डर जन्मस्थान चांगले सांगतो, डंप धरणारा सांगतो, आणि प्लगइनच्या गळतीत हे दोघे अनेकदा वेगळे असतात.

धोक्याची घंटा कुठे लावायची हेही अवघड. २२ ऑक्टोबर २०१२ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या पूर्व विभागात मोठा खोळंबा झाला. साठवणीच्या सर्व्हरवर माहिती गोळा करणारा एक छोटा एजंट बसवलेला होता. ज्या सर्व्हरकडे तो माहिती पाठवायचा तो बदलला, पण नवा पत्ता सगळीकडे पोचला नाही. एजंट जुन्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला आणि प्रत्येक प्रयत्नात थोडी मेमरी गळली. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशात म्हटले, की हे सर्व्हर उपलब्ध मेमरी पुरेपूर वापरतात, त्यामुळे मेमरीच्या वापरावर अचूक इशारा लावणे कठीण होते. ज्या सर्व्हरवर मेमरी नेहमीच भरलेली असते, त्यावर ‘भरली’ हा इशारा निरुपयोगी, आणि चांगले चालवलेले बहुतेक सर्व्हर असेच असतात.

नव्या पिढीची प्लगइन वेबअसेंब्लीत, बंद पेटीत चालतात. एन्व्हॉय प्रॉक्सी ती स्वीकारतो. प्रत्येकाची मेमरी वेगळी, त्यामुळे हिशोब आपोआप लागतो. पण त्या पेटीची मेमरी वाढवता येते, कमी करण्याची सोय अजून नाही. एकदा फुगलेली पेटी रिकामी करायची तर ती टाकून नवी आणावी लागते, म्हणजे पुन्हा तिसरी भूमिका.

आणि डंपच्या मजकुराचा प्रश्न आहे. हीप डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेले सारे येते: पासवर्ड, लॉगिनचे टोकन, लोकांची नावे आणि पत्ते. गळती ज्याने लिहिली त्याला तो डंप हवा असतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला तो बाहेर देता येत नाही. मजकूर पुसून केवळ साखळ्या ठेवणारी साधने आहेत, पण काय पुसले आणि काय राहिले याची खात्री देणारी सर्वमान्य पद्धत नाही. आमच्या त्या प्रकरणात प्लगइनच्या लेखकांनी पहिल्याच पत्रात पूर्ण डंप मागितला. आम्ही सहा ओळींची साखळी टाइप करून पाठवली, एकाही ऑब्जेक्टच्या आतला मजकूर न देता. त्यांना त्यावरून जागा सापडली, आणि पुढच्या आवृत्तीत प्लगइन थांबताना फॉरमॅटर काढून घेणारी ओळ आली. सहा क्लासलोडरांचा एक झाला. मेमरीच्या आलेखाला त्यानंतरही एक बारीक चढ उरला आहे. तो हीपबाहेरचा आहे एवढे कळले आहे. कोणत्या प्लगइनचा, ते अजून सापडलेले नाही, आणि तोवर त्या सर्व्हरला दर रविवारी पहाटे रीस्टार्ट दिला जातो.